सारखी केलेली पानं

दुसऱ्याच्या फाईलमध्ये मी सगळ्यात आधी पूर्णविरामानंतरची जागा बघायचो. टाइपरायटरवर शिकलेला माणूस तिथे स्पेसबार दोनदा दाबतो, संगणकावरच शिकलेला एकदाच. एकाच पानावर दोन्ही सापडलं की मी समजून जायचो, इथे दोन माणसं आहेत आणि खाली नाव एकाचंच येणार आहे. मग ओळींमधलं अंतर. मग अक्षराचा आकार. पाच पानं बाराच्या आकारात आणि मधलाच एक परिच्छेद साडेअकराचा असला, तर तो कुठून तरी उचलून आणलेला. साडेअकरा कोणी मुद्दाम करत नाही.

हे माझं काम होतं आणि खोडही. दोन हजार एक-दोनच्या सुमाराला मी गडचांदूरला एका टायपिंगच्या दुकानात ऑपरेटर होतो. दुकान चाचांचं. चाचा आधी रजिस्टरं आणि पुस्तकं बांधायचे. मग त्यांनी दोन संगणक आणि एक प्रिंटर आणला, आणि मला बसवलं. धुळीपायी संगणकांवर सकाळ-संध्याकाळ फडकं मारावं लागे. त्या गावात सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ कुठेही शिरते. आमच्या इथे फ्लॉपी खराब होणं ही काही बातमी नव्हती. आठवड्याला एक तरी जायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी याच धुळीच्या आड लपलो.

लोक अर्धं राजुऱ्याला टाइप केलेलं, अर्धं भाच्याकडून करून घेतलेलं घेऊन यायचे आणि म्हणायचे, एकसारखं करून दे. मी करून द्यायचो. पण करताना शिवण कुठे आहे ते बघायचो, आणि बघितलेलं कधी कधी तोंडावर म्हणायचो. बी.एड.चा एक जण प्रकल्प घेऊन आला होता. त्याला मी तीन जागा बोटानं दाखवल्या. तो भडकला. "भाऊ, तुम्ही टायपिंग करून राह्यले का सीआयडीगिरी?"

तो गेल्यावर चाचा म्हणाले, "अबे, गिऱ्हाईक हाये ते, मुलजिम नाई. तुले सगळेच चोर दिसतात काऊन?"

"चोर असते म्हणून दिसते," मी म्हणालो.

चाचा हसले. मी हसलो नाही.

गुरुजी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात बिस्किटाच्या पुड्याचं प्लॅस्टिक होतं आणि त्यात गुंडाळलेली एक फ्लॉपी. कोरपन्याच्या पलीकडे, पहाडावरच्या एका गावात ते शाळेवर होते. स्वतःही तिथलेच, गोंड. पन्नाशीचा माणूस, हळू बोलणारा. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते खाली उतरून एका आश्रमशाळेच्या कार्यालयात जायचे आणि तिथल्या एकुलत्या एक संगणकावर टाइप करायचे. असं चार वर्षं. दोनशे दहा पानं झाली होती. त्यांना त्याचं पुस्तक करायचं होतं.

मी फाईल उघडली आणि खाली-वर करून पाहिली. एक परिच्छेद ठळक. पुढचा तिरपा. मग दीड पान वीसच्या आकारात, बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकासारखं. मग अक्षरा-अक्षरात एवढी मोकळी जागा की शब्द कुठे संपतो ते कळू नये. मध्येच अधोरेखित. मध्येच डावीकडून दोन इंच आत घेतलेलं. फॉन्ट सगळीकडे एकच, पण दोन पानं सलग सारखी नव्हती.

"समास सारखे करा," गुरुजी म्हणाले. "पानाचे नंबर टाका. शुद्धलेखन पाहा. पन अक्षरं जशी हायेत तशीच राहू द्या."

"काऊन जी? असं पुस्तक कोणी छापते का?"

"राहू द्या. हाये काही."

मग जरा थांबून म्हणाले, "आन् इथच्या मशीनमंदी ठेवू नका. फ्लॉपीतच करा काम. दुसरी नाई माह्याजवळ."

ते गेले आणि ते 'हाये काही' माझ्या डोक्यात बसलं. मजकूर वाचला तर तो साधाच होता. आमच्या घराचं मोहाचं झाड नाल्याच्या वरच्या अंगाला आहे, खोडावर वीज पडल्याची खूण आहे. आमच्या वाटेच्या उजवीकडच्या डोहात अमुक महिन्यात मासे धरत नाहीत. आमच्या आजानं तमुक टेकडीवर ढोरांची वाट पाडली. मला वाटलं, हे एका माणसानं लिहिलेलं नाही. एका ठिकाणी नाला उजवीकडे, दुसऱ्या ठिकाणी डावीकडे. म्हणजे याने दहा जणांचं लिखाण जमवलंय, प्रत्येकाचं जसंच्या तसं चिकटवलंय आणि आता वर स्वतःचं नाव टाकणार. आकार बदलायला हा तयार नाही, कारण याला बदलता येतच नसेल. आणि मशीनमध्ये ठेवू नका, म्हणजे पुरावा नको.

चाचांना मी हे सांगितलं. ते विड्याचं पान लावत होते.

"जंगलातला मास्तर," ते म्हणाले. "त्याच्या मोहाच्या झाडाची कोन चोरी करन बे? मोहाच्या झाडावर कोन पीएचडी करून राह्यला इथी?"

"मंग आकार काऊन बदलू देत नाई?"

"पूछ ना उसको. विचार ना त्याले."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. माझा स्वभाव असा की संशय आला की मी तोंड बंद करतो आणि बघत राहतो. मला त्यात एक प्रकारचं सुख होतं, हेही सांगून टाकतो. समोरच्याला माहीत नाही की मला माहीत आहे, याचं सुख.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले. दुकान अर्धं बंद. मी फाईल उघडली, सगळा मजकूर निवडला आणि अक्षरांची सगळी सजावट एका फटक्यात काढून टाकली. आपल्या मराठी फॉन्टचं तेव्हा असं होतं, की सजावट काढली की फॉन्टही जायचा आणि पडदाभर इंग्रजी अक्षरांची किडामुंगी दिसायची. दोनशे दहा पानं किडामुंगी. मग पुन्हा एकच मराठी फॉन्ट लावला, चौदाचा आकार, दीड ओळीचं अंतर, दोन्ही बाजूंनी सरळ कडा. अक्षरं परत आली, सगळी सारखी. पान कसं स्वच्छ दिसलं! मी ते नव्या फ्लॉपीवर ठेवलं, गुरुजींची जुनी फ्लॉपी खणात टाकली. त्यांनी नको म्हटलेलं नेमकं तेच मी केलं होतं. माझा हिशोब असा, की सारखं झालेलं पाहून ते घाबरतील आणि मला खरं काय ते कळेल. कामाची शान म्हणूनही केलं. दोन्ही खरं आहे, कोणतं जास्त ते आजही ठरवता येत नाही.

पुढच्या सोमवारी साध्या कपड्यातला एक माणूस दुकानात आला. बसला, पाणी मागितलं, पंख्याखाली खुर्ची ओढली.

"पहाडावरचे लोक येतात का टाइप करायले?"

"येतात कधी. अर्ज, जातीच्या दाखल्याचं."

"बाकी काही? पत्रकं, पुस्तकं?"

"नाई जी."

"नाई?"

"नाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टेबलावरची धूळ बोटानं पुसून बोट पाहिलं, म्हणाला, "लक्ष ठेवा," आणि गेला. तो कोण होता, कुठून आला होता, मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या वर्षांत असं विचारायची पद्धत नव्हती. पहाडावर, आणि त्याहून जास्त गडचिरोलीकडे, कोणाकडे कसला कागद सापडला यावर माणसाचं काय काय ठरायचं, ते आम्ही रोज ऐकत होतो.

तो गेल्यावर मी खण उघडला. ती फ्लॉपी मला एकदम वेगळीच दिसायला लागली. ठळक, तिरपं, मोठं, पसरलेलं. ही चोरी नाही, हे तर जंगलातल्या नक्षल्यांसाठीचे इशारे आहेत, असं माझ्या मनानं घेतलं. कोणत्या नाल्याला कोणती वाट. अक्षरं बदलू नका. मशीनमध्ये ठेवू नका. दुसरी प्रत नाही. सगळं जुळलं. संशयाचं असंच असतं, ज्या बाजूला वळवाल तिकडे सगळं जुळतं. चार दिवसांपूर्वी हेच सगळं चोरीलाही जुळलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मी फ्लॉपी आत घातली आणि फॉरमॅटचा हुकूम दिला. सगळा मजकूर जाईल, करू का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हणालो. दीडेक मिनिट ती कुरकुरत राहिली. मग मी ती बाहेर काढली, तिची पत्र्याची झडप वाकवली आणि खणात परत ठेवली. झडप वाकवली ती खराब दिसावी म्हणून. एवढं मी शांत डोक्यानं केलं.

सारखी केलेली फाईल मात्र ठेवली. तिच्यात मला धोका दिसत नव्हता. नाले होते, झाडं होती, पण इशारे गेले होते.

रविवारी गुरुजी आले. चाचा समोर होते, चहा सांगितला होता. मी छापील पानांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग मधून उघडलं, शेवटून उघडलं. भीती शोधत मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून होतो. भीती नव्हती. एखाद्या माणसाला आपलं घर सापडू नये तसे ते त्या पानांत शोधत होते.

"अक्षरं?" ते म्हणाले.

"सारखी केली जी. चांगलं दिसते."

"जुनी फ्लॉपी द्या."

मी खणातून काढून दिली. "खराब झाली. धूळ, गुरुजी. इथी असंच होते."

त्यांनी वाकलेली झडप अंगठ्यानं सरळ करायचा प्रयत्न केला. चाचा म्हणाले, "अरे रे. ये तो रोज का है, गुरुजी. फायदा एवढा की मजकूर तरी वाचला." चाचांना काही माहीत नव्हतं.

गुरुजींनी एक पान वर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाच."

मी वाचलं. आमच्या घराचं झाड नाल्याच्या वरच्या अंगाला आहे.

"आमचं म्हंजे कोनाचं?" त्यांनी विचारलं.

मी पान उलटून पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं. अकरा म्हातारी माणसं होती, चार पाड्यांवरची. कोणत्या घरानं कोणत्या झाडाचा मोह वेचायचा हे तिथे ठरलेलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या, कुठे लिहिलेलं नसतं. पहाडावर मोजणीवाले दिसायला लागले तेव्हा म्हाताऱ्यांना वाटलं हे लिहून ठेवावं. पण अट एकच, नाव नाही लिहायचं. नाव कागदावर गेलं की कोणी तरी दारात येतं. आज फॉरेस्टवाला, उद्या पोलीस, परवा आणखी कोणी. म्हणून गुरुजींनी नावं लिहिली नाहीत. वही ठेवली नाही. प्रत्येकाला एक अक्षर दिलं. एक बुढी ऐकायला कमी, ओरडून बोलायची, तिचं वीसच्या आकारात. एक बुढा खाटेवर पडून बोलायचा, त्याचं तिरपं. एकाला दम लागायचा, शब्दाशब्दाला थांबायचा, त्याचं सुटं सुटं. कोणाचं काय ते फक्त गुरुजींच्या डोक्यात. उद्या पुस्तक घेऊन पाड्यावर गेलं की ज्याचं त्याला वाचून दाखवायचं, आणि त्याच्या नातवाला दाखवायचं, हे मोठ्ठं दिसते ते तुह्या आजीचं.

"पन तुमाले आठवतच असन ना, कोनाचं काय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"चार वर्साचं हाये भाऊ. सगळेच आमचं आमचंच म्हनतात."

त्यानंतर दर रविवारी गुरुजी यायचे. बहुतेक सहा महिने. माझ्या बाजूच्या स्टुलावर बसून ते एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायचे, डोळे मिटायचे, मग म्हणायचे, "बुढीचं. मोठं करा." किंवा, "हे खाटेवरच्या बाबाचं. तिरपं." मी करायचो. कधी ते एक वाक्य चार-चारदा वाचायचे, त्या त्या माणसाच्या आवाजात. दम लागलेला बाबा ते असा वाचायचे की चाचा आतून पाणी घेऊन आले होते एकदा. "गुरुजी, तबियत ठीक है ना?" गुरुजी हसले. "माही ठीक हाये. हा बाबा मेला मागच्या पोळ्याले."

मी हसलो नाही. मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो. आता संशय दुसरा होता, यांना कळलंय का? ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले तरी मी मनात उत्तर तयार करायचो. चहा नको म्हणाले की का नको म्हणाले. एकदा त्यांनी सहज विचारलं, "फ्लॉपी वाकते कशी हो?" आणि माझा हात कीबोर्डवर थांबला. चाचा म्हणाले, "खणात दाबली असन." गुरुजी म्हणाले, "असन." आणि पुढचं पान घेतलं. तो एक 'असन' मला कित्येक आठवडे झोंबत राहिला.

शेवटी एकशे चौऱ्याऐंशी पानं ज्याच्या त्याच्या अक्षरात परत गेली. सव्वीस राहिली. त्यांत 'आमचं'शिवाय दुसरी खूण नव्हती. गुरुजींनी ती पाड्यावर नेली. एकदा मीही बरोबर गेलो. त्यांनी या म्हटलं म्हणून. जिवंत होते त्यांना वाचून दाखवलं, नव्हते त्यांच्या घरी वाचलं. वीज पडलेल्या झाडाचं पान वाचून झालं तेव्हा एका घरची सून म्हणाली, हे आमच्या सासऱ्याचं बोलणं. समोरच्या घरचा माणूस उठून उभा राहिला. "तुह्या सासऱ्याचं? माह्या मायचं होय ते. ते झाड आमीच वेचतो."

"वेचू देल्लं म्हून वेचता. आता पुस्तकात आलं, आता पाहू कोनाचं हाये."

गुरुजींनी ते पान गठ्ठ्यात परत ठेवलं. नंतर समजलं, इतकी वर्षं ते झाड एका घराचं होतं आणि खालचा मोह दुसरं घर विचारून वेचायचं. आता कोण कोणाला विचारायचं यावरच वाद झाला आणि विचारणं बंद झालं. पुढच्या हंगामात दोन्ही घरच्या बायका एकाच झाडाखाली एकमेकींकडे पाठ करून बसल्या, असं गुरुजींनी मला सांगितलं. रागानं नाही, नुसतं सांगितलं.

मी बोललो नाही. आठ वर्षं बोललो नाही. मध्ये चाचांनी दुकान बंद केलं, मी राजुऱ्याला एका संस्थेत कारकून झालो. युनिकोड आलं, फ्लॉप्या गेल्या. पुस्तक तसंच पडून राहिलं, गुरुजी सव्वीस पानांशिवाय छापायला तयार नव्हते आणि पानांसकटही नव्हते. ते निवृत्त झाल्याचं कळलं आणि मी एका रविवारी त्यांच्या गावी गेलो. ते अंगणात खाट विणत होते. मी उभ्याउभ्याच बोललो, कारण बसलो असतो तर दुसरंच काही बोललो असतो.

"गुरुजी, फ्लॉपी खराब नव्हती झाली. मी पुसली. झडपही मीच वाकवली. मी भ्यालो होतो. आन् त्याच्या आधी तुमाले चोर समजत होतो."

ते दोरी ओढत राहिले. "मले ठाऊक हाये."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. इथच्या लोकाइची फ्लॉपी खराब झाली का ते मशीनले माय-बहिनीवरून शिव्या देतात. तू एक शिवी नाई देल्ली. खाली मान घालून बसला."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो तर तू रविवारी बसला असता का?" त्यांनी दोरीला गाठ मारली. "मले अक्षरं पायजे होती परत. तुह्या कबुलीचं मी काय करू?"

मी विचारलं, आता त्या सव्वीस पानांचं काय करायचं.

"तूच सांग. तू सारखी केली."

ती गाळायची म्हटलं तर कोणाचं तरी झाड गेलं. कोणाच्या तरी अक्षरात घालायची म्हटलं तर मी पुन्हा तेच केलं असतं. मी म्हणालो, "आहेत तशीच छापा. आन् काऊन अशी हायेत ते पुढं लिहा."

"मी काऊन लिहू?" गुरुजी म्हणाले. "लिही तू."

म्हणून हे लिहिलं. पुस्तकात जिथे एकसारखी, सरळ कडांची, चौदाच्या आकाराची पानं लागतील, तिथे कोणाचाही आवाज नाही असं समजू नका. तिथे माणूस होता. त्याची खूण मी काढली, आणि ज्या एका फ्लॉपीत ती उरली होती, तीही मीच पुसली. वीज पडलेल्या झाडाचं पान त्यांतलंच आहे. दोन्ही घरांना मी हे जाऊन सांगितलं आहे. सुनेनं ऐकून घेतलं. समोरच्या घरच्या माणसानं दार लावून घेतलं.